आडोसा

न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये सेंट मार्क्स प्लेस नावाचा एक रस्ता आहे. तिथे चार पायऱ्या खाली उतरलं की हॉटडॉगचं एक दुकान लागतं. हॉटडॉग म्हणजे लांबट पावात सॉसेज घालून देतात ते. दुकानाच्या एका भिंतीला जुन्या पद्धतीचा टेलिफोन बूथ आहे. त्यात शिरायचं, दार ओढून घ्यायचं आणि रिसीव्हर उचलायचा. कुणाच्या नावाने जागा राखून ठेवली आहे ते सांगायचं. नाव बरोबर निघालं की बूथची मागची भिंत दारासारखी उघडते आणि पलीकडे चक्क बार! मंद दिवे, भिंतींवर पेंढा भरलेली जनावरं, आणि हॉटडॉग हवाच असेल तर दुकानातून एका झरोक्यातून आत येतो. बारचं नाव आहे 'प्लीज डोन्ट टेल', म्हणजे 'कृपा करून कुणाला सांगू नका'. २००७ साली सुरू झालेला हा बार इतका प्रसिद्ध आहे की त्याचं नाव आता एक गंमतच झालं आहे.

तर मंडळी, २०२४च्या ऑक्टोबरमध्ये माझी लेक या बारमध्ये एका गृहस्थांना पहिल्यांदा भेटायला गेली. तिकडच्या भाषेत 'फर्स्ट डेट'. मी तेव्हा तिच्याकडे जर्सी सिटीला होते.

लिहिण्याआधी तिला विचारलं. ती म्हणाली, "लिही गं आई. नाहीतरी सगळ्यांना अर्धवट माहीत आहेच. निदान पूर्ण तरी कळू दे." म्हणून लिहिते आहे.

लेक तेव्हा सत्तेचाळीस वर्षांची होती. एकोणीस वर्षांचा संसार मोडून चार वर्षं झाली होती. मुलगा कॉलेजात, दुसऱ्या गावी. संसार का मोडला ते लिहिणार नाही. ती कारणं तिची आहेत, माझी नाहीत. पण ही बातमी इकडे पोचल्यावर नात्यातल्या एका बाईंचा मला फोन आला. त्या वाईट नाहीत हो, काळजीनेच बोलत होत्या. म्हणाल्या, "भेटायला गेली हे ठीकच आहे गं, काळ बदललाय. पण लपलेल्या बारमध्ये कशाला? लपण्यासारखं काय आहे त्यात?"

मी फोनवर काही बोलले नाही. पण प्रश्न चांगला होता, डोक्यातून जाईना. जन्मभर मुलांना इतिहास आणि मराठी शिकवलं, त्यामुळे कुठलाही प्रश्न पडला की आधी 'हे कधीपासून?' असं विचारायची सवय आहे. तेव्हा थोडा इतिहास सहन करा.

असल्या लपलेल्या बारला तिकडे 'स्पीकइझी' म्हणतात. शब्दाचा अर्थ साधा आहे, हळू बोला. शब्द एकोणिसाव्या शतकातला, पण गाजला तो अमेरिकेतल्या दारूबंदीत. ही बंदी चक्क राज्यघटनेत दुरुस्ती करून आणली होती, अठरावी दुरुस्ती. १७ जानेवारी १९२० पासून ती लागू झाली आणि ५ डिसेंबर १९३३ रोजी एकविसाव्या दुरुस्तीने उठली. जवळजवळ चौदा वर्षं. या काळात दारू बनवणं, विकणं, वाहून नेणं गुन्हा होता. गंमत म्हणजे पिणं हा गुन्हा नव्हता! घरी फळांच्या रसाची वाइन करायला मुभा होती. डॉक्टरांच्या चिठ्ठीवर औषध म्हणून व्हिस्कीही मिळायची. कायद्यात एवढ्या फटी असल्यावर लोक काय करणार? दारामागे दार काढलं.

न्यूयॉर्कला बावन्नाव्या रस्त्यावर 'ट्वेंटीवन क्लब' म्हणून एक जागा होती. २०२० साली बंद पडली. तिथल्या तळघराला विटांच्या भिंतीसारखं दिसणारं अवजड दार होतं. भिंतीतल्या एका बारीक भोकात तार घातली की ते उघडायचं. आणि तळघर होतं शेजारच्या इमारतीखाली. म्हणजे पोलिसांनी विचारलं तर मालक खुशाल सांगू शकत, "आमच्या इमारतीत दारूचा थेंब नाही." शब्दशः खरं! आमच्या वर्गातली काही मुलं अशीच उत्तरं द्यायची, त्यांची आठवण झाली.

हे सगळं चोरपोलिसाच्या गोष्टीसारखं वाटतं, पण त्याला काळी बाजूही होती. गुंडांच्या टोळ्या याच पैशावर पोसल्या. कारखान्यांसाठी लागणाऱ्या अल्कोहोलमध्ये सरकारी नियमाने विष मिसळलेलं असे, तेच चोरून दारूत यायचं आणि माणसं मरायची. आपल्याला हे नवीन नाही. २०१५ साली मुंबईत मालाडच्या मालवणीत विषारी दारूने शंभराहून जास्त माणसं गेली. तेव्हा चोरट्या दारूचं कौतुक मी करत नाही, हे आधी नोंदवून ठेवते.

पण एक गोष्ट वाचली आणि मी थबकले. बंदीच्या आधी अमेरिकेतले दारूचे गुत्ते, म्हणजे सलून, हे पुरुषांचं राज्य होतं. घरंदाज बाईने समोरच्या दाराने आत पाऊल टाकायचं नाही असा रिवाज. बंदी आली, सलून बंद पडले, आणि त्यांच्या जागी आलेल्या या लपलेल्या बारांत बायका आणि पुरुष एकत्र येऊन बसू लागले. एका टेबलाशी, समोरासमोर. बरेच असले अड्डे चालवणाऱ्याही बायकाच होत्या. त्यातल्या टेक्सस गायनन बाई तर त्या काळात न्यूयॉर्कभर गाजलेल्या होत्या. म्हणजे ज्या दारातून बाईला उजळ माथ्याने जाता येत नव्हतं ते बंद झालं, आणि चोरदाराने ती आत गेली. इतिहासात असं होतं कधीकधी.

आता तुम्ही म्हणाल, अमेरिकेचं कौतुक पुरे. पण मुंबईत काय वेगळं होतं? मुंबई दारूबंदी कायदा १९४९चा. मी १९५१ची, म्हणजे माझं सगळं बालपण त्या कायद्यात गेलं. आम्ही गिरगावात राहायचो. धोबीतलावाकडे शाळेला जाताना वाटेत एक घर लागायचं. बैठं, लाकडी कठड्याचं, दारात तुळशीच्या जागी क्रूस. पाटी नाही, काही नाही. संध्याकाळी मात्र तिथे माणसांची फार ये-जा. आत जाताना सगळे भराभर जात आणि बाहेर येताना सावकाश. 'आंटीकडे' एवढंच मोठी माणसं म्हणत आणि आम्हा मुलींना पलीकडच्या फुटपाथने जायला सांगत. ती आंटी मूळची गोव्याकडची, एकटी बाई, रविवारी काळा झगा घालून चर्चला जायची. तिची मुलगी आमच्याहून मोठी, पुढे नर्स झाली. मुंबईत अशा कितीतरी आंट्या होत्या. सायकलच्या ट्यूबमध्ये भरून माल यायचा म्हणे. ज्यांची ऐपत होती ते डॉक्टरचं सर्टिफिकेट काढून प्रकृतीच्या कारणाने परमिट घ्यायचे. बघा, तीच डॉक्टरची चिठ्ठी! साठच्या दशकापासून नियम सैल होत गेले, आंट्यांची घरं हळूहळू संपली. आपल्याकडे बारच्या पाटीवर अजून 'परमिट रूम' लिहिलेलं दिसतं ते त्याच काळाचं. कागदोपत्री महाराष्ट्रात प्यायला आजही परवाना लागतोच.

पण आंटीच्या घरात बाई-माणूस जोडीने गेलेलं मी कधी पाहिलं नाही. तिथे पुरुष यायचे, ते प्यायला. जोडीने बसायची मुंबईतली जागा वेगळीच होती. तिच्याकडे येते. त्याआधी 'डेट' या शब्दाची हकीकत सांगायला हवी.

लेकीच्या शेल्फवर बेथ बेली या इतिहासकार बाईंचं १९८८चं एक पुस्तक आहे, 'फ्रॉम फ्रंट पोर्च टू बॅक सीट'. माझं इंग्रजी मराठी माध्यमातल्या बी.ए.चं, पण डिक्शनरी घेऊन बसले आणि नेटाने वाचलं. वाचताना सारखं वाटत होतं, अरेच्चा, हे तर आपलंच! एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी अमेरिकेतल्या बऱ्या घरांत 'कॉलिंग'ची पद्धत होती. तरुणाने मुलीच्या घरी यायचं, तेही मुलीने किंवा तिच्या आईने बोलावलं तरच. दिवाणखान्यात बसायचं. आई आसपास. काहीतरी खायला द्यायचं. मुलीने पियानो वाजवून दाखवायचा. पियानोच्या जागी पेटी ठेवा आणि समोर पोह्यांच्या बशा, झाला आपला कार्यक्रम!

मग ही पद्धत बदलली कशी? बेलीबाई सांगतात, बदलाची सुरुवात श्रीमंतांनी नव्हे, शहरातल्या गरिबांनी केली. एका खोलीत सात-आठ माणसं राहणाऱ्या कामगारांच्या घरात दिवाणखाना आणणार कुठून? पाहुण्याला बसवणार कुठे? तेव्हा पोरंपोरी बाहेर पडली. बागेत, नाचाच्या हॉलमध्ये, नंतर सिनेमाला. त्या बाहेर भेटण्याला 'डेट' म्हणू लागले. म्हणजे 'डेट' हे मोकळ्या संस्कृतीचं चैनीचं फळ वगैरे काही नाही, तो जागेचा प्रश्न होता!

आणि त्याबरोबर एक गोष्ट उलटली. घरी बोलवायचं तेव्हा हुकूम मुलीकडचा होता. बाहेर पडल्यावर पैसे लागतात, ते पुरुषाच्या खिशात, म्हणून मग विचारणार तो, ठरवणार तो. बाईला आडोसा मिळाला, पण मालकी गेली. हे वाचून मी पुस्तक बाजूला ठेवलं आणि कितीतरी वेळ खिडकीतून बाहेर बघत बसले.

कारण जागेचा प्रश्न मला माहीत होता. आमची चाळ. दोन खोल्या, नऊ माणसं, सार्वजनिक गॅलरी. १९७५ साली मला 'बघायला' आले तेव्हा घरात सोळा माणसं होती, मी मोजली होती. शिवाय गॅलरीत शेजारचे. नाव, गोत्र, शिक्षण, पगार, मामा कोण, आजोळ कुठलं, सगळं दोन्हीकडे आधीच पाठ होतं. फक्त समोरचा माणूस कसा आहे तेवढं माहीत नव्हतं. ह्यांनी मला एकच प्रश्न विचारला, "शाळेत कुठले विषय शिकवता?" मी म्हटलं, "इतिहास आणि मराठी." संपलं. त्यावर आमचं लग्न ठरलं.

साखरपुडा झाल्यावर मात्र हे एकदा शाळा सुटायच्या वेळी फाटकाशी येऊन उभे राहिले आणि मला धोबीतलावच्या एका इराण्याकडे घेऊन गेले. जुन्या वाचकांना आठवत असेल, इराण्याकडे आतल्या बाजूला 'फॅमिली रूम' असायची. लाकडी फळ्यांची खुराडी म्हणा ना. अर्धं झुलतं दार किंवा मळका पडदा, आत संगमरवरी टेबल, समोरासमोर दोन बाकं. बाहेर चहा पिणाऱ्याला आतल्यांचे फक्त पाय दिसायचे. तिथे आम्ही बनमस्का खाल्ला. आणि हे बोलायला लागले! सोळा माणसांत एक वाक्य बोललेला माणूस त्या फळ्यांच्या आड पाऊण तास बोलत होता. त्यांना चित्रकार व्हायचं होतं, वडिलांनी होऊ दिलं नाही. ऑफिसात फायलींच्या मागे पेन्सिलने चित्रं काढतात. हे घरी कुणाला ठाऊक नव्हतं. मला त्या दिवशी कळलं. आता ह्यांना जाऊन सात वर्षं झाली. संसारात खूप काही बोललो असू, पण या माणसाची ओळख मला त्या खुराड्यात झाली हे नक्की.

आणि तिथे आम्ही काय 'तसलं' केलं? बनमस्का खाल्ला हो! हातसुद्धा धरला नाही. पण ओळखीचं कुणी दिसलं असतं तर? साखरपुडा झालेला असूनही तोंड लपवावं लागलं असतं. म्हणजे लपण्यासारखं काही नव्हतं, तरी आडोसा लागत होता. आपल्या भाषेत लपणं आणि आडोसा असे दोन वेगळे शब्द आहेत याचं मला फार बरं वाटतं. चोरी करायला माणूस लपतो. लेकराला पाजायला आई आडोशाला बसते. वाऱ्यात समई लावायची तर हाताचा आडोसा करतो. तिथे कोण काय लपवतं?

आता पुन्हा न्यूयॉर्क. दारूबंदी १९३३ला संपली, मग आज बार लपवायचं कारण काय? मला तरी हा निव्वळ श्रीमंती पोरखेळ वाटला होता. पण या नव्या लपलेल्या बारांची सुरुवात ज्याच्यापासून झाली असं मानतात, तो 'मिल्क अँड हनी' बार साशा पेट्रास्की नावाच्या तरुणाने १९९९च्या शेवटच्या दिवशी एल्ड्रिज स्ट्रीटवर उघडला. त्यालाही पाटी नव्हती. कारण अगदी घरगुती होतं, वर माणसं राहत होती, त्यांना गोंगाटाचा त्रास व्हायला नको! म्हणून जाहिरात नाही, आधी सांगून यायचं, मोजकीच माणसं. पेट्रास्की २०१५ साली अकालीच गेला. त्याने पाहुण्यांसाठी नियम लिहून ठेवले होते. आरडाओरडा करायचा नाही. मोठ्या लोकांच्या ओळखी मिरवायच्या नाहीत. दाराबाहेर रेंगाळायचं नाही. ज्याला आपल्या घरात एकटा सोडणार नाही अशा माणसाला इथे आणायचं नाही. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे, पुरुषाने अनोळखी बाईशी आपण होऊन ओळख काढायची नाही. बाईला वाटलं तर तिने बोलावं. ते वाचून मला इराण्याच्या भिंतीवरच्या सूचनांची पाटीच आठवली, हे करू नका, ते करू नका! पण शिक्षिका म्हणून सांगते, नियम कुणाला वाचवण्यासाठी केलेत ते बघावं. हे नियम बाईला निवांत बसता यावं म्हणून होते.

लेकीने भेटीची जागा स्वतः निवडली नव्हती, त्या गृहस्थांनी सुचवली होती. तिने 'हो' म्हणायच्या आधी मला विचारलं नाही. विचारायचं वयही नव्हतं. पण कारण सांगितलं. "आई, न्यूअर्क अॅव्हेन्यूवर कोथिंबीर घ्यायला गेले तरी तीन ओळखीचे भेटतात. माझ्याबरोबर कोण आहे हे त्यांना दिसायच्या आधी मला तर दिसू दे!"

तिचंही २००० साली असंच पाहणं झालं होतं. मुलगा अमेरिकेहून पंधरा दिवसांच्या रजेवर. आमच्या डोंबिवलीच्या घरी पोहे झाले, मग कुणीतरी सुचवलं, "दोघं जरा गच्चीवर जाऊन या." गच्चीवर शेजारच्यांची वाळवणं आणि जिन्यात तिची दोन चुलत भावंडं. जे काही झालं ते त्या गच्चीमुळे झालं असं मी म्हणणार नाही. पण तिला कुणाशी निवांत बोलायची जागा मिळाली ती सत्तेचाळिसाव्या वर्षी, एवढं खरं.

त्या संध्याकाळी ती पाथच्या गाडीने निघाली. कुठे जाते, कुणाला भेटते, हे एका मैत्रिणीलाही कळवून ठेवलं होतं. माझ्या फोनवर तिने स्वतःचा निळा ठिपका दिसेल अशी सोय करून दिली. ठिपका हडसन नदीखालून मॅनहॅटनला गेला, सेंट मार्क्स प्लेसला पोचला आणि नाहीसा झाला. फोनची रेंज गेली होती. मी रामरक्षा म्हटली, मग दोनदा भांडी घासली, त्यातली एकदा घासलेलीच होती. आडोशाचं तत्त्वज्ञान आज लिहिते आहे. त्या दोन तासांत मला फक्त तो ठिपका हवा होता.

साडेअकराला ती आली. चपला काढून ओट्याशी उभ्याउभ्याच दहीभात खाल्ला आणि मग सांगायला लागली.

ती दहा मिनिटं आधी पोचली होती. बूथमध्ये शिरली, रिसीव्हर उचलला, आणि पलीकडून विचारलं, "कुणाच्या नावाने जागा आहे?" तिला त्यांचं आडनावच माहीत नव्हतं! पहिलं नाव ठाऊक, मुलीचं वय ठाऊक, त्यांनाही घटस्फोट घेऊन बरीच वर्षं झाली हे ठाऊक. आडनाव विचारायचं राहूनच गेलं होतं. रिसीव्हर ठेवून ती बाहेर आली आणि हॉटडॉग घेणाऱ्या पोरांच्या रांगेत उभी राहून तिने फोनवर लिहिलं, "तुमचं आडनाव काय?" मला हसावं की रडावं कळेना. आमच्या वेळी आडनाव, गोत्र, नाडी माहीत आणि माणूस अनोळखी. इथे सगळंच उलटं!

तेवढ्यात ते स्वतःच आले. दोघं बूथमध्ये शिरली. ती जागा एकासाठीच पुरेशी, त्यामुळे दोघांनी पिशव्या पोटाशी धरून, एकमेकांना धक्का लागू नये म्हणून अंग चोरून घेतलं होतं. "तिथेच मला जरा बरं वाटलं आई," ती म्हणाली, "माझ्याइतकेच तेही अवघडले होते."

प्यायला काय घेतलं हेही विचारलं मी, का विचारू नये? मी स्वतः कधी थेंब घेतलेला नाही. तिने घेतलं त्याचं नाव म्हणजे 'मधमाशीचे गुडघे'! 'बीज नीज'. १९२०च्या दशकातल्या अमेरिकन बोलीत त्याचा अर्थ 'एकदम झकास'. त्यात जिन, लिंबाचा रस आणि मध. लिंबू-मध तर आपण खोकल्याला देतो. बंदीच्या काळात हलक्या दारूची चव झाकायला असली पेयं चालायची म्हणे. त्यांनी घेतली ती याच बारची प्रसिद्ध व्हिस्की, बेकनच्या चरबीत मुरवलेली. चरबी आणि व्हिस्की एकत्र ठेवतात, मग थंड करतात, चरबी गोठून वर येते ती काढून टाकतात. मागे फक्त वास उरतो, लोणी कढवलेल्या भांड्याला तुपाचा राहतो तसा. लेकीने चव घ्यायला नकार दिला आणि त्यांनी आग्रह केला नाही. तिच्या आजीने ताटात वाढलेलं कुणाला नाही म्हणू दिलं नव्हतं, त्या घरातल्या मुलीला हे लक्षात राहिलं.

प्याल्याला वीस डॉलरच्या आसपास पडले. प्रत्येकाने आपापले दिले, तसं आधीच ठरलं होतं. बेलीबाईंना बरं वाटेल.

पण मला आवडली ती गोष्ट वेगळीच. माझ्या लेकीच्या नावात 'ळ' आहे. बावीस-तेवीस वर्षं अमेरिकेत काढली, ऑफिसात सगळे 'ल' म्हणतात, तीही आता फोनवर स्वतःचं नाव 'ल' लावूनच सांगते. कोण समजावत बसणार? त्या गृहस्थांनी तिचं नाव उच्चारलं आणि विचारलं, "मी बरोबर म्हणतोय का? खरं सांगा." तिने खरं सांगितलं. मग तिथे शिकवणी सुरू झाली! जिभेचं टोक मागे वळवून टाळूला लावायचं आणि सोडायचं. त्यांच्या तोंडून कधी 'र' निघे, कधी 'ड', कधी नुसतीच हवा. पन्नाशी उलटलेला माणूस अंधाऱ्या कोपऱ्यात जीभ वळवून नाना तऱ्हेची तोंडं करत होता आणि ही हसत होती. "आई, भर उजेडात, चार लोकांत त्यांनी ते केलंच नसतं. आणि मीही दुरुस्त केलं नसतं. जाऊ दे, चालेल म्हटलं असतं."

किती वर्षं ती 'जाऊ दे, चालेल' म्हणत आली आहे, ते मला ठाऊक आहे.

'ळ' आला का? मी विचारलंच, मास्तरीण ना मी! "निघायच्या वेळी एकदा आला," म्हणाली, "मग पुन्हा गेला." पस्तीस वर्षांच्या अनुभवावरून सांगते, एकदा आला म्हणजे येतो :)

आता त्या फोन करणाऱ्या बाईंना उत्तर. तुम्ही विचारलंत ना, लपण्यासारखं काय आहे? काही नाही. म्हणूनच दुसऱ्या भेटीला ती दोघं न्यू जर्सीतल्या एका साध्या डायनरमध्ये गेली, हमरस्त्यावर, दिवसाढवळ्या, रस्त्याकडे मोठ्या काचा असलेल्या टेबलाशी. ओळखीचं एक कुटुंब भेटलंच. लेकीने हात केला आणि ओळख करून दिली, नाव आणि आडनाव दोन्ही सांगून. पण पहिल्या दिवशी तिला हे जमलं नसतं. पहिल्या दिवशी आपण सांगण्यासारखं काही असतंच कुठे हातात? ते काय आहे हे दोघांनाच ठाऊक नसतं आणि लोकांची मतं मात्र तयार असतात. एकोणीस वर्षांचा संसार मोडलेल्या बाईकडे तर लोक आधीच वळून बघत असतात. तिला दोन तास कुणी बघू नये असं वाटलं, तर ती लाजली असं नका समजू.

आणि बार कशाला, देवळात का नाही, बागेत का नाही, असंही कुणी म्हणेल. जरूर जा. मी तर इराण्याकडेच जा म्हटलं असतं, पण तसली फॅमिली रूम आता उरली आहे कुठे?

मी डिसेंबरात परत आले. ती दोघं अजून भेटतात. पुढे काय, असं मला रोज कुणी ना कुणी विचारतं. मला माहीत नाही, तिलाही माहीत नाही, आणि कळलं तर आधी तिला कळू दे. तोवर, आत्या, मावशी, वहिनी, तिला फोन जरूर करा. थंडीबद्दल बोला, नातवाच्या अभ्यासाबद्दल बोला, मी पाठवलेला गोडा मसाला कसा झाला ते विचारा. यंदा धने जरा जास्त पडलेत.